शंभरात चार की चौघांत एक?

जगात चिंताविकार किती जणांना आहे, या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर असे आहे: २०१९ साली ३० कोटी १० लाख माणसांना, आणि त्यांत ५ कोटी ८० लाख मुले व किशोरवयीन. लोकसंख्येच्या हिशेबाने शंभरात साधारण चार. मानसिक विकारांत याहून मोठी संख्या दुसऱ्या कशाचीही नाही. नैराश्याचाही क्रमांक यानंतर लागतो. मात्र २००१ ते २००३ या काळात अमेरिकेत झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार तिथल्या २८.८ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चिंताविकार होऊन गेलेला आहे, म्हणजे चौघांत एकाहून थोडे अधिकच. वर्तमानपत्रांत यातला कोणताही आकडा कोणत्याही दिवशी येतो आणि वाचणाऱ्याला वाटते की यातला एक तरी खोटा असला पाहिजे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत वारंवार येतो. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढलेले आहेत. फक्त ते एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

काळाचा फरक सर्वांत सोपा आहे. 'सध्या आहे का', 'गेल्या बारा महिन्यांत होता का' आणि 'आयुष्यात कधी होता का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे चढत्या क्रमाने येणारच. त्याच अमेरिकी सर्वेक्षणात बारा महिन्यांचा आकडा १८.१ टक्के आहे. व्याख्याही बदलत गेल्या: २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा मंत्रचळ आणि आघातोत्तर तणाव हे दोन विकार चिंताविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले गेले. त्यामुळे २००३ आणि २०२३ मधले आकडे शेजारी ठेवण्याआधी आत काय मोजले आहे ते पाहावे लागते.

देशादेशांतला फरक मात्र असा चटकन निकाली निघत नाही. २००४ साली चौदा देशांतल्या साठ हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखतींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्नावली एकच होती, मुलाखती घेणारे प्रशिक्षित होते, आणि तरीही बारा महिन्यांतल्या चिंताविकारांचे प्रमाण शांघायमध्ये २.४ टक्के, नायजेरियात ३.३ टक्के आणि अमेरिकेत १८.२ टक्के निघाले. अमेरिकेतला आकडा शांघायच्या सातपटीहून अधिक! असे आकडे पाहिले की आपल्याकडे एक ठरलेला निष्कर्ष तयारच असतो: तिकडे माणसे एकटी, इकडे घर भरलेले, म्हणून आपल्याकडे कमी. मला हा निष्कर्ष पटत नाही. घर भरलेले असते तेव्हा मुलाखतही भरल्या घरातच होते, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कोणती सून परक्या माणसाला सांगेल की तिला बाहेर पडायचीच भीती वाटते? शिवाय छातीत धडधड, मुंग्या, पोटात गोळा अशी शरीराची तक्रार घेऊन येणारा माणूस 'तुम्हाला अकारण काळजी वाटते का' या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या मते त्याची काळजी अकारण नसतेच.

हे नुसते माझे तर्क नाहीत, याला थोडा आधारही आहे. २०१३ साली ४४ देशांतल्या ८७ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा कोणते साधन वापरले, कोणता काळ विचारला अशा पद्धतीतल्या फरकांची दुरुस्ती करून संशोधकांनी प्रमाण पुन्हा मांडले. आफ्रिकी समाजांत ५.३ टक्के, युरोपीय आणि इंग्रजी भाषक समाजांत १०.४ टक्के, आणि जगभराचा अंदाज ७.३ टक्के. दोन्ही अभ्यासांतले समाज सारखे नाहीत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण सातपटीच्या जागी दुपटीचे अंतर दिसते हे लक्षात घेण्याजोगे आहे. उरलेली दुप्पट खरी असेलही. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दीडपट ते दुप्पट आढळते आणि ते बहुतेक सर्व देशांत तसेच आढळते, म्हणून त्या फरकावर माझा देशांच्या क्रमवारीपेक्षा जास्त विश्वास आहे.

आता ज्या चुकीमुळे समाजमाध्यमांवरचे बहुतेक मोठे आकडे तयार होतात, तिच्याकडे वळते. तृतीय वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावा लागतो आणि दरवर्षी एखादा गट 'विद्यार्थ्यांमधील चिंता' हा विषय घेतो. गुगल फॉर्मवर सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावली टाकली जाते. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटले, काळजी थांबवता आली नाही, चिडचिड झाली, असे प्रश्न. उत्तरे 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ रोज' पर्यंत, शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा जास्त गुण आले की पुढे तपासणी करावी, असा संकेत आहे. "मॅडम, म्हणजे आपल्या वर्गातल्या पाचांतला एक जण आजारी आहे?" असे एका मुलीने खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले. फॉर्म अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतला होता, हे तिने नंतर सांगितले.

परीक्षा बाजूला ठेवू आणि फक्त गणित करू. २००६ साली ही प्रश्नावली अमेरिकेतल्या प्राथमिक दवाखान्यांतल्या रुग्णांवर तपासली गेली, तेव्हा दहा या गुणरेषेवर तिने सर्वसाधारण चिंताविकार असलेल्यांपैकी ८९ टक्के जणांना बरोबर पकडले आणि तो नसलेल्यांपैकी ८२ टक्के जणांना बरोबर सोडले. साधन चांगलेच म्हणायचे. आता समजा हजार माणसांत हा विकार खरोखर चाळीस जणांना आहे. त्यांतले सुमारे छत्तीस पकडले जातील. उरलेल्या ९६० पैकी १८ टक्के, म्हणजे सुमारे १७३ जण, विकार नसताना जाळ्यात येतील. एकूण झाले २०९. खरे प्रमाण चार टक्के आणि फॉर्मवरचे एकवीस. गुणरेषा ओलांडणाऱ्या दर सहा जणांत विकार खरोखर असलेला जवळपास एकच. साधनात खोट नाही. ते निदानाआधीच्या चाळणीसाठी बनवले आहे आणि आपण त्याला निदान समजतो. मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवते, आणि पुढच्या वर्षी नवा गट पुन्हा 'पाचांत एक' घेऊन येतोच.

करोनाच्या पहिल्या वर्षाबद्दलचा अंदाज वाचतानाही मी हीच सावधगिरी बाळगते. २०२० साली जगात चिंताविकारांचे ७ कोटी ६२ लाख रुग्ण वाढले, म्हणजे साधारण सव्वीस टक्क्यांची भर, असा तो अंदाज होता. वाढ झाली याबद्दल मला शंका नाही. पण त्या काळातली बरीच सर्वेक्षणे अशा लक्षणांच्या प्रश्नावल्यांवरच चालली होती.

भारताचे काय? २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केले. त्यात बारा राज्यांतल्या ३४,८०२ प्रौढांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या आणि चिंता व तणावाशी निगडित विकारांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे 'राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात इतके' असे वाक्य दिसले की ते तिथेच खोडावे. २०१७ सालासाठीचा वेगळ्या पद्धतीने काढलेला अंदाज देशभरात ४ कोटी ४९ लाखांचा आहे, म्हणजे ३.३ टक्के.

एवढा सगळा कीस काढल्यावर एक बाजू अशी उरते की तिथे कोणता आकडा धरला याने फारसा फरक पडत नाही. २१ देशांच्या सर्वेक्षणात बारा महिन्यांत चिंताविकार असलेल्यांपैकी ४१.३ टक्के जणांनाच आपल्याला मदत हवी असे वाटले होते. काही ना काही उपचार २७.६ टक्के जणांना मिळाले आणि पुरेसे म्हणता येतील असे उपचार फक्त ९.८ टक्के जणांना. राष्ट्रीय सर्वेक्षणाने भारतात चिंता आणि नैराश्यासारख्या सामान्य मानसिक विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ८५ टक्के सांगितले. आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाही, पाऊणच्या आसपास येतो. म्हणून सर्वांत कमी अंदाज धरला तरी हे काम तज्ज्ञांच्या हातून उरकणारे नाही. ते गल्लीतल्या डॉक्टरांकडेच जाते. धडधडणारी छाती घेऊन रुग्ण आधी त्यांच्याकडेच येतो, ईसीजी नॉर्मल निघतो, आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढे ऐकून तो घरी परततो. तपासणीच्या त्याच खोलीत आणखी दोन प्रश्न विचारायला आपले डॉक्टर शिकले, तर त्या ८५ टक्क्यांतले काही जण तरी उपचारापर्यंत पोहोचतील.