नवऱ्याची किडनी आणि माझ्या अँटीबॉडीज : माझा अनुभव

देवगड, जामसंडे, मिठबाव, इकडच्या बऱ्याच जणी फोन करून विचारतात की तुझं कसं झालं, नवऱ्याची किडनी चालते का, ती इंजेक्शनं कसली असतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय आणि किडनी ह्यांची आहे. दोघांचा ब्लड ग्रुप एकच, बी पॉझिटिव्ह, त्यामुळे घरी सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की जुळलं. पण क्रॉसमॅचचा रिपोर्ट आला पॉझिटिव्ह, आणि इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, माझ्या रक्तात ह्यांच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी (परक्या गोष्टीला चिकटून हल्ला करणारी प्रथिनं) होत्या.

क्रॉसमॅचमध्ये करतात काय, तर देणाऱ्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी घेतात, त्यात घेणाऱ्याचं सीरम, म्हणजे रक्तातला अँटीबॉडीज असलेला पातळ भाग, मिसळतात, आणि पेशी मरतात का बघतात. ह्यांच्या पेशी माझ्या सीरममध्ये मेल्या. म्हणजे किडनी बसवली असती तर टेबलावरच माझ्या रक्ताने तिच्यावर हल्ला केला असता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "ताई, बाळंतपणं किती झाली? रक्त कधी चढवलंय का?" दोन मुलं, आणि धाकटीच्या वेळी रक्तस्राव खूप झाला म्हणून रक्तही चढवलं होतं. मग त्यांनी समजावलं. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाची ओळख असते, बाळात अर्धी आईची आणि अर्धी बापाची. पोटात बाळ असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात आणि काही बायकांचं शरीर त्या बापाकडच्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. सगळ्यांचं होतं असं नाही, पण ज्यांचं होतं त्यांच्यात ती आठवण वर्षानुवर्षं राहते. म्हणून नवऱ्याची किडनी बायकोला द्यायची म्हटलं की ही टेस्ट फार नीट बघतात. नंतर सिंगल अँटिजन बीड टेस्ट झाली, त्यात नेमक्या कुठल्या एचएलएविरुद्ध आणि किती जोर हे कळतं. ह्यांच्याविरुद्धच्या ज्या होत्या त्यांना डीएसए म्हणतात, हा शब्द ट्रान्सप्लांटवाल्यांच्या तोंडी रोज असतो.

हे ऐकून ह्यांना फार लागलं. कणकवलीला येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मगे माझी घेवा, माका आता काय करूची आसा?" पण त्यांचं वय आणि शुगर बघता तो विषयच नव्हता. स्वॅपसाठी नाव दिलं, म्हणजे दोन जोडप्यांनी आपापसात किडनी बदलायच्या, 1994 च्या अवयवदान कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने त्याला जागा केलीय, पण माझ्या अँटीबॉडीजमुळे आमच्याशी जुळणारं जोडपं मिळेना आणि डायलिसिसवर माझी तब्येत खालावत होती. त्या काळात शहाळं बंद, हापूस बंद, पोटॅशियममुळे, बागेत पेट्या भरल्या जात होत्या आणि मी वासावर. शेवटी डीसेन्सिटायझेशन, म्हणजे औषधांनी त्या अँटीबॉडीज कमी करून मग किडनी बसवणं, करायचं ठरलं. आंब्याच्या हंगामाचे सगळे पैसे त्यात गेले हे आधीच सांगते, कारण नातेवाईक खर्चाचं कोणी धड बोलत नाहीत.

माझं म्हणणं मी इथेच लिहिते. प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी विचारा की हे कुठल्या पेशीवर काम करतं, किती महिने करतं, आणि ती पेशी नसताना मला कशाची भीती. नर्सला विचारा, डॉक्टरांना विचारा, लाजू नका. पुढचं सगळं पथ्य आणि सगळ्या टेस्ट यावरूनच ठरतात.

मला आधी रिटक्सिमॅब दिलं. ते स्वतःच एक अँटीबॉडी आहे, बी पेशी (एक प्रकारच्या लिम्फोसाइट) यांच्यावरच्या सीडी20 नावाच्या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी मारतं. बी पेशींपासूनच पुढे अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तयार होतात, पण प्लाझ्मा पेशींवर सीडी20 नसतं, म्हणजे त्या या औषधाने मरत नाहीत, आणि रक्तात आधीच फिरत असलेल्या अँटीबॉडीजही जात नाहीत. हे मला माहीत नव्हतं तोवर वाटायचं की एवढं महागडं औषध दिलं मग परत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, कशाला बदलताय. म्हणूनच बदलायचा असतो! एक महत्त्वाचं, रिटक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लसी उरकून घ्या, कारण बी पेशी गेल्यावर कित्येक महिने लस नीट लागू पडत नाही, आणि जुना हिपॅटायटिस बी असेल तर तो उसळू शकतो.

प्लाझ्मा एक्स्चेंज दिसायला डायलिसिससारखंच, पण बाजूच्या पिशवीत आपलाच पिवळा प्लाझ्मा जमा होताना दिसतो आणि त्याजागी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जातं. ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या की लगेच सांगायचं, रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्याने कॅल्शियम उतरतं, मग कॅल्शियम देतात. त्यानंतर आयव्हीआयजी, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडीज, बाटली सावकाश जाते आणि डोकं असं ठणकतं की खिडकीचा पडदा उघडा सहन होत नाही. दर खेपेला डीएसए मोजायचे, कमी व्हायचे, थोडे परत वर यायचे, परत एक्स्चेंज. क्रॉसमॅच निगेटिव्ह आली तेव्हा ह्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले, मला पेढा मना होता.

ऑपरेशनच्या वेळी एटीजी दिलं. सशांना माणसाच्या थायमसमधल्या पेशी टोचतात, ससे त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी करतात, त्या गोळा करून शुद्ध केलेलं हे औषध. हे टी पेशींवर, म्हणजे परक्या अवयवावर आणि व्हायरसवर हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटवर, जातं आणि त्या मारून टाकतं. आधी एव्हिल, स्टेरॉइड, पॅरासिटामॉल देऊनही पहिल्या बाटलीला मला अशी हुडहुडी भरली की पलंगाच्या दांड्या वाजत होत्या. सिस्टर म्हणाली, "घाबरू नका मावशी, पेशी फुटतायत, त्यांच्यातलं सगळं रक्तात येतंय म्हणून थंडी वाजते." पहिला डोस सहा तास तरी चालतो, वजनावर ठरतो, आणि रोज सीबीसी काढून लिम्फोसाइट आणि प्लेटलेट बघतात. शेजारच्या बेडवर आईची किडनी मिळालेला मुलगा होता, त्याचा धोका कमी म्हणून त्याला एटीजी न देता बॅसिलिक्सिमॅब दिलं, ऑपरेशनच्या दिवशी एक आणि चौथ्या दिवशी एक. ते टी पेशी मारत नाही, त्यांच्यावरचा सीडी25 नावाचा रिसेप्टर अडवतं, त्यामुळे त्यांना वाढायचा सिग्नल मिळत नाही. त्याच्या आईने मला विचारलं की आमच्या पोराला तुमच्याएवढं भारी औषध का नाही, तर मी सांगितलं, काकी, त्याला लागत नाही हे चांगलंय.

नंतर मी वाचलं की ट्रान्सप्लांटसाठी वापरलेली पहिली मोनोक्लोनल (सगळी एकाच साच्यातली) अँटीबॉडी ओकेटी3, तिला अमेरिकेत 1986 ला मान्यता मिळाली, ती उंदराची होती. आणि सीडी25 हे शरीराला शांत ठेवणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींवरही असतं, त्याच पेशींच्या कामाबद्दल साकागुची, ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं. औषधांशिवाय दुसऱ्याचा अवयव शरीराने स्वतःहून सांभाळावा यासाठी याच पेशींवर काम चाललंय. मला हे वाचून खूप बरं वाटलं.

किडनी टेबलावरच लघवी करायला लागली. घरी आल्यावर मात्र खरं काम सुरू झालं. टॅक्रो (टॅक्रोलिमस), मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज ठरल्या वेळी, टॅक्रोची लेव्हल सकाळच्या डोसच्या आधी काढायची. परसातल्या पपनसाला हात लावायचा नाही, त्याने टॅक्रोची लेव्हल चढू शकते. कालवं, तिसऱ्या खायच्या तर पूर्ण शिजलेल्याच. भातलावणीला चिखलात पाय नाही, आमच्या सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे आणि माझ्यासारखीला तो परवडणार नाही.

पावसाळ्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा रक्तातला आकडा, हळूहळू चढायला लागलं. ताप नाही, दुखणं नाही. मला वाटलं झालं, रिजेक्शन, शरीराने किडनी नाकारली. इथे एक गोष्ट कळली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, बीके व्हायरस असेल तर औषध कमी करायचं, दोन्ही अगदी उलट, आणि क्रिएटिनिनचा आकडा दोन्हीकडे सारखाच चढतो. बीके बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो, त्याच्यावर नजर ठेवतात टी पेशी, आणि माझ्या टी पेशी एटीजीने मारल्या होत्या. म्हणून मी डॉक्टरांना आधी विचारलं की बीके पीसीआर (रक्तात व्हायरस शोधायची टेस्ट) करू का. पीसीआर पॉझिटिव्ह आली, बायोप्सी झाली, त्यात रिजेक्शन नव्हतं, सी4डी (किडनीवर अँटीबॉडीने हल्ला केल्याची खूण) निगेटिव्ह, डीएसए नवीन नाहीत. मायकोफेनोलेट कमी केलं, दर थोड्या दिवसांनी पीसीआर, आणि हळूहळू व्हायरस उतरला. क्रिएटिनिन पूर्वीएवढं खाली आलं नाही पण स्थिर आहे. एखाद्याने घाबरून गावातच स्टेरॉइड वाढवलं असतं तर किडनी गेली असती.

डीएसए अजून मधूनमधून तपासतात, कारण बी पेशी परत येतात आणि जुनी आठवण जात नाही. आणि दात्याला विसरू नका, सगळे माझीच चौकशी करतात. ह्यांचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा मीच आठवणीने करून घेते, बागेच्या कामाचं निमित्त सांगून ते टाळतात तेव्हा फाइल घेऊन सरळ गाडीत जाऊन बसते.