गिरणाऱ्याचा उतार, नोंद ९: टाचेवरचा गेरू

मंडळी, सापडलं! फेब्रुवारीत गुलमर्गला, जूनमध्ये दुबईच्या इनडोअर बर्फावर आणि पावसाळाभर नाशिकजवळ गिरणाऱ्याला मामांच्या मळ्यात, तिन्ही ठिकाणी स्नोबोर्डिंग करताना माझी हील एज, म्हणजे बोर्डाची टाचेकडची कड, ऐन वळणात सुटत होती. त्याचं कारण परवा रविवारी सकाळी डोळ्यांनी दिसलं. आणि ते दिसल्यामुळे नोंद ८ मध्ये जवळजवळ पक्का केलेला नवा बोर्ड, ग्नू कंपनीचा लेडीज चॉइस, रद्द झाला आहे. तेव्हा ज्यांनी तो घ्यायला तारीख काढून ठेवली होती त्यांनी जरा थांबा आणि हे वाचा.

मळ्यातला सरावाचा उतार तोच आहे. शेततळ्याचा बाहेरचा भराव, १४ फूट उंची, मोबाइलवर मोजलेला कोन २२ अंश, धाव ११ मीटर. खाली शेततळ्याचा जुना कागद, वर २५ मिलिमीटर पात्यांचं कृत्रिम लॉन. पायथ्याला, बोर्डाने वरून घसरत जायला, ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, तीन मीटर, अंबडला वेल्डिंग करून आणलेल्या स्टँडवर. उन्हाळ्यात लॉन ओलं ठेवायला द्राक्षबागेतले जुने फॉगर लावले होते. भाद्रपदात त्यांची गरज नाही, गिरणाऱ्याचा पाऊस ते काम फुकट करतो. पहाटेच्या बारीक सरीनंतरचं लॉन म्हणजे आपल्याला मिळणारा सगळ्यात चांगला बर्फ, हे माझं मत आता पक्कं झालं आहे.

आधी आनंदाची बातमी. पाइपावर फिफ्टी-फिफ्टी (बोर्ड पाइपाला समांतर ठेवून घसरणं) आता दहापैकी आठ वेळा शेवटपर्यंत जाते. दोन वेळा टेल प्रेस धरता आला, म्हणजे भार बोर्डाच्या शेपटीवर, नाक हवेत आणि पाइपाच्या टोकापर्यंत. मामींनी व्हिडिओ काढलाय. मी तो किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. माझा १५१ सेंटिमीटर लांबीचा कडक, मागे दोन सेंटिमीटर सरकवलेल्या स्टान्सचा (पायांच्या जागेचा) डिरेक्शनल, म्हणजे एकाच दिशेने जाण्यासाठी घडवलेला, बोर्ड असा वाकवणं म्हणजे बाभळीची फांदी वाकवण्यासारखं आहे. म्हणूनच तर नवा बोर्ड हवा आहे.

आता दुखणं. बोर्डस्लाइडसाठी, म्हणजे बोर्ड पाइपावर आडवा ठेवून घसरण्यासाठी, पाइपाच्या आधी हील एजवर थोडं वळून यावं लागतं. टो एजवर, म्हणजे बोटांकडच्या कडेवर, काही अडचण नाही. हील एजवर मात्र बोर्ड कलला की एका ठरावीक कोनात, कुणी खालून ढकलल्यासारखी पकड जाते आणि मी बसकण मारते. माकडहाडाचं पॅड घातलेलं असूनही दोन आठवडे खुर्चीत नीट बसता येत नव्हतं.

आधीच्या नोंदींखाली आलेले तुमचे सगळे सल्ले करून पाहिले. गुडघे जास्त वाकवले. खांदे बोर्डाशी समांतर ठेवले. बूट बोर्डाला धरणाऱ्या बाइंडिंगच्या हायबॅकचा (मागच्या टेक्याचा) पुढे झुकाव, म्हणजे फॉरवर्ड लीन, दोन खाचा वाढवला, दोन कमी केला. एजला धार कमी असेल म्हणून रविवार कारंज्याजवळून नवी बारीक कानस आणून ८९ अंशाला धार लावली. (ती कानस उत्तम आहे. महागड्या ट्युनिंग किटमधल्या कानशीपेक्षा स्वच्छ कापते, फक्त कोन धरायला गाइड वेगळा लागतो.) टोकांकडच्या कॉन्टॅक्ट पॉइंटवर (जिथे एज बर्फाला टेकायला लागते तिथे) दोन-दोन इंच एज मुद्दाम बोथट केली. त्याने पाइपावर अडकणं थांबलं, पण टाचेकडचं घसरणं जागच्या जागी.

त्यामुळे ऑगस्टपर्यंत मी दोन निष्कर्षांवर आले होते. एक, माझं हील टर्नचं तंत्रच चुकतंय. दोन, तंत्राला आधार देणारा बोर्ड घ्यावा, म्हणजे ग्नूचा लेडीज चॉइस. तो असिमेट्रिकल ट्विन आहे, म्हणजे नाक आणि शेपूट सारखी, पण टाचेची आणि बोटांची बाजू वेगळी. टाच वळवायला बोटांइतकी ताकद आणि बाक मिळत नाही, म्हणून टाचेकडचा साइडकट (कडेचा आत गेलेला बाक) जास्त खोल ठेवलेला असतो. शिवाय मॅग्नेट्रॅक्शन, म्हणजे लाटांसारखी एज, घट्ट बर्फावर जास्त ठिकाणी पकडते. सोची आणि प्याँगचांग, २०१४ आणि २०१८, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये स्लोपस्टाइलचं (उतारावरचे अडथळे आणि उड्या यांच्या स्पर्धेचं) सुवर्ण घेणाऱ्या जेमी अँडरसनचं नाव या बोर्डाशी जोडलेलं आहे. नोंद ८ मध्ये मी त्याच्या बाजूने दोन पानं लिहिली होती.

रविवारी मामा भरावाच्या खाली बसून छाटणीच्या कात्र्यांना तेल देत होते. मी तिसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "पोरी, तुझी फळी नाही घसरत. आधी तुझा बूट टेकतो, मग फळी उचलते."

मी म्हणाले, "मामा, बूट कसा टेकेल? तो तर फळीवर आहे."

"मला खालून दिसतंय ना. तुला वरून कसं दिसणार?"

मामी तुळशीवृंदावनाला गेरू लावत होत्या. त्यांच्याकडून वाटीभर ओला गेरू घेतला आणि दोन्ही बुटांच्या टाचांना, सोलच्या मागच्या कडेला, जाड थापला. एक धाव. वळले, बसले, उठून मागे पाहिलं. हिरव्या लॉनवर एजच्या ओल्या रेषेच्या बाजूला, तिला समांतर, लाल गेरूचा हातभर पट्टा. मागच्या पायाचा ठळक, पुढच्याचा फिकट. आणि पट्टा सुरू होतो नेमका तिथेच एजची रेषा संपते. चार धावा केल्या, चार पट्टे, सगळे तसेच.

बूट-आउट. टाच बर्फाला टेकते, बोर्डाचा भार टाचेवर येतो आणि एज अधांतरी होते. आपण सगळ्यांनी हे वाचलेलं आहे, पण ते मोठ्या पायाच्या पुरुषांचं दुखणं समजतो. माझा पाय सव्वाचोवीस सेंटिमीटरचा, म्हणून मी कधी मोजलंच नव्हतं.

मग दुपारभर मोजमाप केलं, शिंप्याच्या टेपने, कारण लोखंडी टेप बुटाच्या कडेवर नीट बसत नाही. बोर्डाची कमर, म्हणजे वेस्ट विड्थ, सगळे विचारतात, पण पाय कमरेवर नसतात. मागच्या इन्सर्टवर, म्हणजे बाइंडिंगच्या स्क्रूच्या भोकांपाशी, मोजायचं. माझ्या बोर्डाची रुंदी तिथे २४.१ भरली. बुटाचा बाहेरचा सोल ३०.४. मागच्या पायाचा कोन उणे ६, म्हणजे बोर्डाच्या आडव्या दिशेने बूट ३०.२ जागा घेतो. एकूण ६.१ सेंटिमीटर बाहेर. त्यातही बाइंडिंग मधोमध नव्हतं: बोटांकडे २.५, टाचेकडे ३.६.

पुढचा हिशोब मला सगळ्यात आवडला. सोलची खालची कड जमिनीपासून साधारण ३ सेंटिमीटर वर आहे (बोर्डाची जाडी अधिक बाइंडिंगचा बेस). टाच ३.६ बाहेर असेल तर बोर्ड सुमारे ४० अंश कलला की टाच टेकणार. टाच १.३ बाहेर असती तर ६६ अंशांपर्यंत मोकळीक. लॉनवर तर एज पात्यांमध्ये रुतते, म्हणजे ३ सेंटिमीटरमधला बराच भाग तिथेच खर्च होतो आणि टाच त्याहून लवकर लागते. म्हणून गुलमर्गच्या पिस्टवर, म्हणजे दाबलेल्या बर्फाच्या वाटेवर, कधीतरी होणारी गोष्ट मळ्यात दर धावेला होत होती.

संध्याकाळी हे लिहायला बसले तेव्हा शीर्षक होतं "रुंद बोर्ड हवा". पार्कसाठी, म्हणजे पाइप आणि उड्यांवरच्या कसरतींसाठी, आखूड बोर्ड हवा, आणि बायकांच्या मापात बोर्ड आखूड झाला की कमरही अरुंद होत जाते. माझं वजन ५७ किलो, उंची १६०. १४५ च्या आसपास जायचं तर कमर साधारण साडेतेवीस ते चोवीस. मग पुरुषांचा सगळ्यात लहान पार्क बोर्ड घ्यावा का? की हल्लीचा आखूड आणि रुंद प्रकार? दोन्हींवर अर्धं पान लिहून झालं होतं. पुरुषांचा घेतला तर तो माझ्या वजनासाठी कडक पडणार, एजवरून एजवर जायला वेळ लागणार, म्हणजे ज्या खेळकरपणासाठी हा सगळा खटाटोप तोच गेला.

तेवढ्यात पुण्याच्या आपल्या मैत्रिणीचा फोन आला. ती दरवर्षी माझ्याबरोबर गुलमर्गला असते. तिला आकडे वाचून दाखवले तर ती म्हणाली, "सव्वाचोवीसच्या पायाला ३०.४ चा सोल? माझाही पाय तेवढाच आहे गं. थांब, मोजते." तिचा भरला २७.८.

बुटाची जीभ उलटून पाहिली. मोंडो २५.५.

मोंडो म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, बाकी काही गूढ नाही. भिंतीला टाच लावून उभं राहायचं, अंगठ्यापुढे रेघ मारायची. माझा डावा २४.१, उजवा २४.४. मला २४.५ चा बूट हवा होता आणि तीन सीझन मी २५.५ घालते आहे, दोन जाड मोजे घालून. घेताना ज्या दुकानाशी बोलले त्यांनी रोजच्या बुटाच्या नंबरावरून माप काढून दिलं आणि "थोडा सैल बरा, थंडीत पाय सुजतो" असं सांगितलं. माझी त्यांना आणि सगळ्याच विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे: गिऱ्हाइकाला पाय मोजायला सांगा. भाड्याच्या बुटांचंही तेच. सैल बूट पायात घालताना सुखाचा वाटतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण टाच आत उचलली जाते, म्हणजे हील टर्नला एजपर्यंत जोर पोचतच नाही. माझ्याकडे दोन्ही एकत्र होतं, आत टाच उचललेली आणि बाहेर सोल टेकलेला.

मैत्रिणीचे बूट कमी फूटप्रिंटचे आहेत, म्हणजे आतलं माप तेच ठेवून बाहेरचा सोल आखडलेला. ते माप धरलं, दोन्ही पायांना १२ आणि उणे १२ असा डक स्टान्स (दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवलेले) घेतला, तर बूट २७.२ जागा घेतो. कमर २३.७ चा बायकांचा ट्विन इन्सर्टपाशी साधारण २४.६ भरतो. बाहेर राहिले २.६, मधोमध बसवलं तर दोन्हीकडे १.३. ते ६६ अंशांचं गणित यातूनच आलं.

तेव्हा बोर्ड बायकांचाच, आखूडच. पण कोणता, हा प्रश्न आता पुन्हा उघडला आहे, कारण असिमेट्रिकल साइडकट मी ज्या आजारावर औषध म्हणून घेणार होते तो आजारच नव्हता. शिवाय लाटांसारखी एज बर्फाच्या घट्ट थरावर कितीही छान असली तरी माझा निम्मा वेळ प्लॅस्टिकच्या पाइपावर जातो. तिथे मला पकड नको, सुटका हवी.

बर्टनचा टॅलेंट स्काउट अजून यादीत आहे. ट्विन, पूर्ण कॅम्बर (मध्ये कमानीसारखा उचललेला), उडी मारताना टेलमधून मिळणारी उसळी दुसऱ्या कुठल्या आकारात तशी मिळत नाही. नोंद ७ खाली एकाने लिहिलं होतं की पार्क म्हणजे कॅम्बरच, अॅना गासरकडे बघा. बघते, मनापासून बघते. बिग एअर, म्हणजे एकाच मोठ्या उडीची स्पर्धा, २०१८ ला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं, ते सुवर्ण तिचं, २०२२ चंही तिचंच. पण तिला प्रचंड किकरवरून (उडीच्या उंचवट्यावरून) उतरताना बोर्ड स्थिर हवा असतो. मला तीन मीटर पाइप, बटर (टोकावर तोलून फिरणं), प्रेस आणि स्विच (उलटा पाय पुढे ठेवून चालवणं) हवं आहे. उतरताना पाय थोडा तिरका पडला तर कॅम्बरची एज तिथल्या तिथे शिक्षा करते. शिकण्याच्या या टप्प्यावर मला माफ करणारा बोर्ड हवा.

म्हणून आज माझा कल कॅपिटाच्या स्पेस मेटल फँटसीकडे आहे. मऊ, खरा ट्विन, पायांमध्ये सपाट आणि टोकांकडे उचललेला. टोकं उचललेली असली की वळताना कॉन्टॅक्ट पॉइंट अडकत नाहीत आणि प्रेस मारायला निम्मं काम बोर्डच करून ठेवतो. वेगात तो थरथरेल हे मान्य आहे. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून अफरवतच्या पावडरमध्ये उतरायचं झालं तर माझा १५१ आहेच, त्याचं आयुष्य तिकडेच जावं. दोन बोर्ड, दोन कामं.

पण पैसे एकदम दोन्हीसाठी नाहीत, आणि आता क्रम उलटा झाला आहे. आधी बूट. बोर्डासाठी मार्च-एप्रिलमध्ये परदेशी दुकानांत सीझन संपल्यावर किमती उतरतात, तेव्हाच घ्यायचा. तोवर जुन्या बोर्डावर नव्या बुटांनी हील टर्न शिकेन. आजच बाइंडिंगची मधली चकती सैल करून बाइंडिंग बोटांकडे अर्धा सेंटिमीटर सरकवलं आणि मागचा कोन उणे १२ केला. दोन मोजे काढून एकच घातला, टाचेखाली फोमची पट्टी दिली. एवढ्यानेच सहापैकी दोन वळणं पूर्ण झाली. गेरूचा पट्टा आहे, पण आधीच्या निम्मा. मामांनी खालून बोट वर केलं.

आणखी एक सुचलंय. बोर्ड येईपर्यंत पाइप चार इंच खाली आणावा आणि आधी बोर्डस्लाइड न वळता, सरळ येऊन नव्वद अंश फिरवून बसवावी. स्टँडचे पाय कापायला पुन्हा अंबडला जावं लागेल. पुढच्या मंगळवारी त्या बाजूला जाणारच आहे.

तुमच्याकडून एक मदत हवी आहे. ज्यांचे बूट मोंडो २४ ते २५ आहेत त्यांनी बाहेरचा सोल टाचेच्या कडेपासून बोटांच्या कडेपर्यंत मोजून मिलिमीटरमध्ये कळवा, सोबत कंपनी, मॉडेल आणि कोणत्या सालचा बूट ते. दुकानांच्या पानांवर हा आकडा मला कुठेच सापडला नाही. आलेले सगळे आकडे नोंद १० मध्ये एका तक्त्यात मांडते.