लॅपटॉपचं वायफाय: घरचं बसलं, प्रवासातलं बसत आलंय

लॅपटॉपचं वायफाय घरी आणि प्रवासात धड चालावं, यासाठी माझी खटपट चाललीय; गेल्या नोंदीनंतर त्यातलं घरातलं काम जवळपास संपलं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आयकॉनवरच्या दांड्या बघणं सोडून आकडे बघण्याचा. लिनक्सवर ‘आयडब्ल्यू’ ही कमांड वापरून सिग्नल थेट डीबीएममध्ये मिळतो (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). मॅक संगणकावर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की तेच दिसतं. उणे ६०च्या आसपास असेल तर निवांत काम करावं, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल धड चालतो, उणे ८०ला जोडणी नावापुरतीच उरते. सिग्नल ३ डीबीने, म्हणजे उणे ६०वरून उणे ६३वर घटला, की त्याची ताकद निम्मी होते. लॅपटॉप हातभर सरकवला तरी आकडा हलतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात राउटर चॅनल (पट्ट्यातला छोटा भाग) आपणच निवडायचा, तो ‘ऑटो’ पर्याय बंद केला. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली आणि १, ६, ११ या तीनपैकी सर्वांत कमी गर्दीचा चॅनल दिला. एकमेकांवर न चढणारे तेवढेच तीन. ४० मेगाहर्ट्झने कागदावर वेग वाढतो, पण आजूबाजूला नेटवर्क दाटलेली असतील तर तोटाच होतो, असं माझं ठाम मत झालंय.

५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव दिलं, कारण लॅपटॉप २.४ला चिकटून बसायचा. चॅनल ३६ ठेवलाय. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे प्रसारण सुरू करण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो, आणि रडार आढळलं तर चॅनल सोडावा लागतो. राउटर रीस्टार्ट केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क थोडा वेळ गायब दिसत असेल, तर आधी हे तपासा.

आता प्रवास. ‘कनेक्टेड’ दिसतं, पण लॉगिनचं पान उघडत नाही, ही बाहेरची नेहमीची अडचण. ते पान दाखवायला नेटवर्क आपली विनंती मधेच अडवून दुसरीकडे वळवतं. साध्या एचटीटीपीच्या (एन्क्रिप्ट न केलेल्या) पानांच्या बाबतीत हे जमतं. एचटीटीपीएसचं (एन्क्रिप्ट केलेलं) पान वळवायला गेलं की ब्राउझर सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, तक्रार करतो. त्यात व्हीपीएन (सगळी वाहतूक एन्क्रिप्ट करून दुसऱ्या ठिकाणाहून नेणारी जोडणी) सुरू असेल किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाताने भरलेला असेल, तर अनेकदा पान येतच नाही. म्हणून माझा क्रम आता ठरलाय: व्हीपीएन बंद, डीएनएस ऑटोमॅटिक, मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली साइट). लॉगिन झालं की लगेच व्हीपीएन सुरू.

रँडम मॅक अॅड्रेस (नेटवर्कला लॅपटॉपच्या खऱ्या ओळख क्रमांकाऐवजी दुसराच दाखवणं) मी सुरूच ठेवतो. फक्त विंडोजमध्ये तो ‘रोज बदला’वर असेल, तर मॅक अॅड्रेसवरून उपकरण ओळखणारं नेटवर्क दर दिवशी नव्याने लॉगिन मागतं. मुक्काम लांबला तर तेवढ्या नेटवर्कपुरतं रोजचं बदलणं बंद करा.

या खेपेचा खरा आनंद मात्र दुसऱ्याच गोष्टीत मिळाला. बाहेरून घरच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन लागायचा, पण घरच्या स्टोरेजपर्यंत (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपर्यंत) पोचता यायचं नाही. घरी उपकरणांच्या पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ आणि बाहेरच्या नेटवर्कवरही १९२.१६८.१! त्यामुळे लॅपटॉप घरचा पत्ता समोरच्याच नेटवर्कवर शोधत बसायचा. घरची रेंज बदलून १०.७३.२० केली आणि फाइल्स दिसू लागल्या. तुमचंही घर त्याच सरधोपट रेंजवर असेल, तर निघण्याआधीच बदलून घ्या. दूर बसून हे करणं फार अवघड जातं.

ट्रॅव्हल राउटरची (बाहेरचं वायफाय घेऊन आपलं वेगळं नेटवर्क देणाऱ्या छोट्या राउटरची) चाचणी सुरू आहे. एकदाच लॉगिन करून सगळी उपकरणं त्याच्यामागे जोडता येतात, हे जमलंय. एकाच रेडिओवरून आत-बाहेर दोन्ही वाहतूक केल्यावर वेग किती पडतो, ते अजून नीट मोजायचंय.