लोकलमध्ये कुठे उभं राहायचं

मुंबईच्या लोकलमधल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आठवतेच. पश्चिम रेल्वेच्या सात गाड्या, पहिल्या वर्गाचे सात डबे, आणि अकरा-बारा मिनिटांत सात स्फोट. ती भीती खोटी नाही. पण रोजचा हिशेब वेगळा आहे. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसांचा जीव जातो. त्यात सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो आणि धावत्या गाडीतून पडणारेही शेकड्यांनी असतात. म्हणून मी सुरुवात दारापासून करतो, बेवारस बॅगेकडे नंतर येतो.

बारा डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार माणसं असतात. एक चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसं उभी असतात. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांनी घरातल्या फरशीवर खडूने मीटरभराचा चौकोन आखून बघावा. अशा डब्यात दाराजवळची जागा हवेशीर वाटते, पण तिथेच ताकद सगळ्यांत जास्त लागते. आतली गर्दी गाडीच्या प्रत्येक हिसक्याला बाहेरच्या दिशेने दाब देते, आणि तो सगळा दाब पायरीवरच्या माणसाच्या मनगटावर येतो. पावसाळ्यात दांडा ओला असतो, घामाने तळवा निसटतो, आणि वीस-पंचवीस मिनिटं एका हातावर भार पेलला की पकड ढिली पडते. माणसं बेफिकिरीमुळेच पडतात असं नाही. बऱ्याच वेळा हात थकलेला असतो.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते. डबा साधारण वीस मीटर लांब आणि सरळ असतो, रूळ मात्र वाकलेले. त्यामुळे डब्याचा मधला भाग वळणाच्या आत सरकतो, टोकं बाहेर येतात, आणि शिवाय सगळा डबा आतल्या बाजूला कलतो. शेजारच्या रुळावरून समोरची गाडी आली की दोघींमधली मोकळी जागा कमी होते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ नेमक्या अशाच वळणावर दोन गाड्यांच्या पायऱ्यांवरची माणसं खाली पडली. दोन्हीकडचे प्रवासी आणि त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या, अशी पहिली माहिती रेल्वेने दिली होती. भरलेली सॅक पाठीपासून सहज पाऊणएक फूट बाहेर येते. दारात उभं राहण्यावाचून इलाजच नसेल तर सॅक छातीवर घ्या आणि पाऊल डब्याच्या आत ठेवा. दाराच्या मधल्या उभ्या दांड्याला कोपराने विळखा घाला, कारण कोपर बोटांपेक्षा उशिरा थकतो.

त्याहून बरं म्हणजे दोन्ही बाजूंच्या सीटांमधल्या वाटेत शिरणं. तिथे ढकलाढकल कमी, आणि अंग टेकायला सीटच्या पाठी असतात. अडचण फक्त उतरण्याची. त्यावर मुंबईकरांनीच उपाय काढलेला आहे: दोन स्टेशनं आधी पुढच्याला विचारायचं, "दादर उतरणार का?" तो उतरणार नसेल तर जागा बदलून पुढे सरकायचं. मात्र आपला फलाट कोणत्या बाजूला येणार हे आधी माहीत हवं. चुकीच्या दाराकडे सरकलेला माणूस शेवटच्या वीस सेकंदांत सगळा डबा ओलांडायला जातो, आणि भांडणं तिथेच होतात. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दार अडवलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते चूकच आहे, पण दाराच्या तोंडाशी हुज्जत घालायची ही जागा नव्हे. त्या वेळेला बोरिवलीपर्यंतचीच गाडी पकडा.

गाडी पूर्ण थांबण्याआधी चढू-उतरू नका, हे सगळेच सांगतात; ते का, हे कोणी सांगत नाही. उतरताना पाऊल फलाटाला लागताच पाय थांबतो आणि धड गाडीच्या वेगाने पुढे जात राहतं. तोंड गाडीच्या दिशेला नसेल तर माणूस उताणा पडतो, आणि डबा व फलाट यांच्यामधली फट अगदी शेजारी असते. पूर्वी फलाट इतके खाली होते की पडलेला माणूस थेट खाली ओढला जायचा. उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे अनेक स्टेशनांवर फलाटांची उंची सुमारे ९०० मिलिमीटरपर्यंत वाढवली गेली. त्याने फरक पडला, पण फट मिटली नाही.

आता जिना. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलावर २३ माणसं गेली. तिथे काही कोसळलं नव्हतं. जोराचा पाऊस आला, उतरलेले लोक भिजायला नको म्हणून पुलावर आणि जिन्यावर थांबले, आणि खालून गाड्या येतच राहिल्या. गणित सोपं आहे. मीटरभर रुंद जिन्यावरून मिनिटाला साठ-सत्तर माणसं जातात. जिना तीन मीटरचा असेल तर फार तर दोनशे. एका गाडीतून हजार माणसं उतरली तर तो रिकामा व्हायला पाच मिनिटं लागतात, आणि पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येते. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही जिना मागे पडत असतो. वर दहा माणसं छत्री उघडायला थांबली की तुंबण सुरू. सैन्याने तिथे नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पण अरुंद जिने शहरात अजून पुष्कळ आहेत.

म्हणून गाडीतून उतरलात की लगेच जिन्याकडे धावू नका. फलाटाच्या मधोमध खांबाशी दोन मिनिटं उभे राहा आणि पहिली लाट जाऊ द्या. घरी दोन मिनिटं उशिरा पोचाल, इतकंच. शक्य असेल तर गाडीच्या मधल्या डब्यांऐवजी टोकाचा डबा धरा, कारण बऱ्याच स्टेशनांवर टोकालाही एखादा पूल असतो आणि तो कमी भरलेला असतो. छत्री जिन्याच्या वर नाही, खाली छताखाली असतानाच काढून हातात धरा. घसरलेली चप्पल, पडलेला मोबाइल उचलायला जिन्यावर कधीही वाकायचं नाही.

गर्दी घट्ट होतेय हे कसं ओळखायचं? आजूबाजूची माणसं अंगाला लागताहेत इथपर्यंत ठीक. पण तुम्ही पाऊल न उचलताही पुढे जात असाल, किंवा गर्दीतून लाट आल्यासारखे सगळे एकदम डोलत असतील, तर गर्दीवर कोणाचाच ताबा राहिलेला नाही. चेंगराचेंगरीत माणसं पायांखाली तुडवून मरतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बरीच उभ्या उभ्या गुदमरतात, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. म्हणून दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, मुठी सैल, म्हणजे फुप्फुसांपुढे थोडी पोकळी राहते. मागच्या दाबाला उलटा रेटा देऊ नका. लाट ओसरली की त्या क्षणी तिरपं, बाजूला सरका, पुन्हा दाब आला की थांबा. एरवी जिन्यावर कठडा धरणं बरोबर; अशा वेळी मात्र कठड्यापासून आणि भिंतीपासून दूर राहा, कारण सगळ्यांचा भार तिथेच जाऊन थांबतो. ओरडण्यात श्वास घालवू नका. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी डोकं झाका.

चोरीबद्दल. फोन मागच्या खिशात किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात असेल तर तो चढतानाच्या दहा सेकंदांत जातो. डब्यात बसल्यावर क्वचितच. चढताना दोन्ही हात दांड्याकडे असतात आणि अंगाला लागलेला हात कुणाचा ते कळत नाही. फोन पुढच्या खिशात, चेन लावलेल्या आतल्या कप्प्यात. दारात उभं राहून फोन पाहणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला 'फटका' म्हणतात: रुळाशेजारच्या खांबापाशी उभा असलेला माणूस काठीने मनगटावर मारतो, फोन खाली पडतो आणि तो उचलून पसार होतो. गाडी जिथे सिग्नलसाठी मंदावते तिथे हे चालतं. फोनमागे उडी घेणाऱ्यांचे पाय गेलेत, जीवही गेलेत. खिडकीतल्या सीटवरही फलाट सोडताना हात आत येतो, तेव्हा गळ्यातली साखळी ओढणीखाली असू द्या.

फोन गेल्यावरचा पहिला अर्धा तास महत्त्वाचा. दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, १९३०. मग लोहमार्ग पोलीस ठाणं. लोहमार्ग पोलीस राज्याचे, आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. कोणत्या दोन स्टेशनांमध्ये, किती वाजता, कोणती गाडी, कितवा डबा, हे कागदावर लिहूनच जा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी तक्रार घेणं बंधनकारक आहे, तिला झिरो एफआयआर म्हणतात. आणि एका शब्दावर अडून बसा: 'गहाळ' नव्हे, 'चोरी'. गहाळचा दाखला मिळाला की नवं सिम मिळतं, पण तपास होत नाही. हातातून हिसकावला असेल तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी वेगळं कलम आहे, ३०४. तक्रारीची प्रत, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आणि जुन्याच मोबाइल नंबरचं नवं सिम हाती आलं की सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. नवं सिम लागतं, कारण ओटीपी त्यावरच येतो. आयएमईआय आजच लिहून ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येतो. फोन गेल्यावर हा क्रमांक शोधायचा तर खरेदीचं बिल किंवा खोकं लागेल.

महिला डब्यांपैकी काही चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरते. वेळ डब्यावरच लिहिलेली असते आणि रात्री ती वाचूनच चढावं. रात्री नऊ ते सकाळी सहा पोलीस ज्या डब्यात असतात तो धरावा. अनेक महिला डब्यांत थेट गार्डशी बोलता येईल असं बटण बसवलेलं आहे. ते साखळीपेक्षा चांगलं, कारण गाडी मधेच थांबत नाही. कोणी अंगाला लागत असेल तर मोघम ओरडू नका. "निळा शर्ट, चष्मा, मागे व्हा" असं कपड्यांवरून बोला. त्याने आजूबाजूच्या बायकांना कोणाकडे बघायचं ते कळतं आणि त्या माणसाला गर्दीत लपता येत नाही.

आता बेवारस बॅग. सगळ्यांच्या बॅगा का तपासत नाहीत असं लोक विचारतात. एका माणसाला तीन सेकंद धरले तरी साडेचार हजारांच्या एका गाडीला एका यंत्रावर पावणेचार तास लागतील. दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी वाजत राहतात आणि माणसं जात राहतात, कारण दुसरं काही शक्यच नाही. त्यामुळे रॅकवरची बॅग पाहणारे डोळे प्रवाशांचेच. आधी मोठ्याने दोनदा विचारा: "ही बॅग कुणाची?" दहापैकी नऊ वेळा कोपऱ्यातून हात वर होतो. नाही झाला तर तिला हात लावू नका, हलवू नका, उघडून पाहू नका. तिच्यापासून लोकांना शांतपणे दूर करा, डब्यावर लिहिलेला क्रमांक बघा आणि रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर सांगा. पुढचं स्टेशन आलं की उतरून पोलिसाला किंवा गार्डला गाठा.

दोन स्टेशनांच्या मधे मात्र साखळी ओढू नका, आणि 'बॉम्ब' हा शब्द उच्चारू नका. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, घाबरलेले लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने त्यांना उडवलं. आग नव्हतीच. उपनगरी मार्गावर तर शेजारच्या रुळांवर दर तीन-चार मिनिटांनी गाडी असते. खरोखर धूर दिसत असेल आणि उतरावंच लागलं, तर दुसऱ्या गाडीचा रूळ नसलेल्या बाजूने उतरा.

कोणी पडलेलं दिसलं तर जागा सांगता यायला हवी. रुळाशेजारी विजेच्या तारा धरणाऱ्या प्रत्येक खांबावर आकडा असतो, वर किलोमीटर आणि खाली खांबाचा क्रमांक. "कळव्याच्या अलीकडे" यापेक्षा तो आकडा सांगितला तर स्ट्रेचर थेट तिथे पोचतं. रुळावर कुणाच्या मदतीला उतरण्याआधी स्टेशन मास्तरला सांगून गाड्या थांबवून घ्या. तारांत २५ हजार व्होल्टची वीज असते. तिच्याजवळ गेलं तरी ठिणगी झेप घेते, तारेला हात लागायची गरज नाही.

आणि तिकीट किंवा पास सांभाळून ठेवा. गाडीतून पडून मृत्यू आला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ प्रमाणे वारसांना ८ लाख रुपयांची भरपाई मिळू शकते. चढता-उतरताना पडणंही त्यात धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, पण तिकीट असेल तर प्रवास सिद्ध करायला घरच्यांना धावपळ करावी लागत नाही. पास मोबाइलमध्ये असेल तर त्याचा क्रमांक घरी कुणाला तरी पाठवून ठेवा. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा असतो.