तेरुमाला विटाळ कसा लागतो

ज्यू शेतकऱ्यानं धान्य, तेल, द्राक्षारस यांतून कोहेनसाठी (पुरोहित घराण्यातल्या माणसासाठी) बाजूला काढायचा वाटा म्हणजे तेरुमा. मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संहितेत प्रमाण दिलंय: सढळ हाताचा माणूस चाळिसावा भाग देतो, मध्यम पन्नासावा, चिक्कू साठावा. कोहेननं तो शुद्ध असतानाच खायचा. विटाळ झाला असेल तर मिकवेत (40 साआ, म्हणजे जुन्या मापानं 40 मापं, पाण्याचं कुंड) बुडी मारून सूर्यास्तापर्यंत थांबायचं.

अभ्यासक विटाळाच्या पायऱ्या पाठ करतात, पण सगळी मेख ओलाव्यात आहे. तोडलेल्या, पाणी न लागलेल्या धान्यात मेलेला उंदीर पडला तरी धान्य शुद्धच. मात्र पाणी, दव, द्राक्षारस, तेल, रक्त, दूध, मध या सातांपैकी काहीही मालकाच्या मर्जीनं लागलं, की ते धान्य विटाळ धरू शकतं. पुढे वाळलं तरी सुटका नाही. आपल्याकडे कोरडा शिधा चालायचा, पाण्यात शिजवलेलं चालायचं नाही, तसंच काहीसं.

आता पायऱ्या. मेलेला उंदीर हे विटाळाचं मूळ; तिथून स्पर्शागणिक विटाळ एकेक पायरी उतरतो. मातीच्या मडक्याच्या पोकळीत तो आतून कुठे न टेकता लोंबकळला, तरी मडकं पहिल्या पायरीवर जातं आणि ते फोडावंच लागतं. त्यातलं अन्न दुसऱ्या पायरीचं. रोजच्या अन्नाचा विटाळ तिथंच थांबतो, तेरुमा तिसऱ्या पायरीलाही बाद होतो, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातलं अर्पण चौथ्यालाही. दगडी भांड्याला विटाळ लागतच नाही. जेरुसलेमच्या उत्खननात मऊ चुनखडीचे पेले इतके सापडतात ते यामुळेच.

न धुतलेले हात दुसऱ्या पायरीचे धरतात. ओल्या अंजिराला तसा हात लागला, तर वरचं पाणी थेट पहिल्या पायरीवर चढतं, अंजीर दुसऱ्यावर येतं आणि त्याला टेकलेला तेरुमा गेलाच. द्रव पायरी उतरत नाही, उलट चढतो, हे ध्यानात न घेतल्यानं हिशेब चुकतो. म्हणून हातांवर भांड्यानं किमान पाव लोग, म्हणजे दीड अंड्याइतकं पाणी ओतायचं. पेसाख या ज्यू सणाच्या रात्री भाजी मिठाच्या पाण्यात बुडवण्याआधी आशीर्वाद न म्हणता हात धुतात, तो याच नियमाचा अवशेष.

बाद झालेला तेरुमा जाळतात; तेल असेल तर कोहेन ते दिव्यात घालू शकतो. आज शुद्धीसाठी लागणारी लाल गाईची राख नसल्यामुळे प्रेताचा विटाळ कुणाचाच फिटत नाही. त्यामुळे साधारण 1.2 किलोच्या वर पीठ मळलं, की खल्ला (कणकेतला कोहेनचा वाटा) म्हणून काढलेला गोळा कोहेनला खायला न देता जाळतात.