पावणेसात

शुक्रवारी रात्री एकटीनेच ‘हाची’ पाहिला. रिचर्ड गिअरचा, २००९ सालचा; गेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट बघत राहणाऱ्या कुत्र्याचा सिनेमा. रडू येणार हे धरूनच बसले होते. पण त्याचा प्राध्यापक मालक शिकवता शिकवता कोसळतो, तिथे नाही आलं. कधीच चेंडू न आणणारा हाची नेमका त्या सकाळी चेंडू तोंडात धरून येतो, तिथे नुसतं गलबललं. रडू फुटलं ते स्टेशनवरच्या त्या माणसापाशी. तो हाचीला अगदी मायेने सांगतो, आता वाट बघू नकोस, तो यायचा नाही.

मायेनेच तर मीही म्हणाले होते. बुधवारी. ‘‘बाबा, आत या ना. कशाला उभे राहता रोज?’’

ते लगेच आत आले. टीव्ही लावला. लगेच आले, हेच खुपतंय. एकदा तरी रागवायचं होतं माझ्यावर. गुरुवारी पावणेसातला गॅलरी रिकामी. शुक्रवारीही.

दादा फोनवर म्हणाला, ‘‘अगं, सवय असते ती. बँकेतून यायची वेळ ना आईची.’’ दादाला सगळं सोपं असतं. असो.

पण सवय म्हणजे काय? रात्री दोनपर्यंत खऱ्या हाचिकोबद्दल वाचत बसले. त्याचे मालक उएनो, टोकियोच्या विद्यापीठात शेतकी विषयाचे प्राध्यापक. २१ मे १९२५ ला गेले. दोघांचा सहवास दीड वर्षाचाही नाही, आणि शिबुया स्टेशनवर वाट पाहणं जवळजवळ दहा वर्षं. ८ मार्च १९३५ ला तो मेला तोपर्यंत. सुरुवातीला लोक त्याला हुसकायचे, मारायचे. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली आणि मग लाड सुरू झाले. १९३४ मध्ये त्याचा पुतळा बसवला, तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता. काही जण म्हणतात, तो मालकासाठी नाही, स्टेशनबाहेर काडीला लावून भाजलेले कोंबडीचे तुकडे मिळायचे म्हणून यायचा. मेल्यावर पोटात त्या काड्या सापडल्या म्हणे.

मला इतका राग आला. खाल्ले असतील तुकडे. दहा वर्षं उपाशी राहायला हवं होतं का त्याने? बाबाही गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी गप्पा मारतात, मुठीत शेंगदाणे असतात. म्हणून ती वाट बघणं नव्हे?

आता इथे खरं लिहिते. मी साडेसहाला घरी येते. दार माझं मीच किल्लीने उघडते. बाबा पेपरातून मान वर करून ‘‘आलीस?’’ म्हणतात, आणि पंधरा मिनिटांनी उठून गॅलरीत जातात. मी आलेली असते, आणि ते वाट बघायला जातात. दोन वर्षं हे बघतेय. बुधवारी माझ्या आवाजात फक्त काळजी नव्हती. ते त्यांना कळलं असेल का, याचीच भीती वाटतेय. मलाही तिची आठवण येते, पण ती मी कुठे जाऊन उभी करू? जाऊ दे.

लिहून जरा हलकं वाटलं. आलेल्या माणसाची वाट कोण कशाला बघेल? माझं ‘‘आलीस?’’ मला रोज मिळतंच की. त्यांना विचारायला ते माणूसच राहिलं नाही.

आज पावणेसातला चहाचे दोन कप घेऊन मीच गॅलरीत गेले. हाक मारली नाही. कठड्याला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळाने मागे चपला वाजल्या. त्यांनी कप उचलला, घोट घेतला.

‘‘साखर घातलीस?’’

‘‘अर्धा चमचा.’’

‘‘हं.’’

कोपऱ्यावर बस थांबली. उतरणारी माणसं आम्ही दोघांनी शेवटपर्यंत बघितली.