रोआनोकची माणसं गेली कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून

‘अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रोआनोक बेटावर 1587 मध्ये वसलेली ती शंभरावर इंग्रज माणसं गायब कशी झाली?’ अहो, जाताना त्यांनी पत्ता कोरून ठेवला होता! ऑगस्ट 1590 मध्ये त्यांचे गव्हर्नर जॉन व्हाइट तीन वर्षांनी इंग्लंडहून परतले, तेव्हा कुंपणाच्या खांबावर ‘क्रोएटोअन’ लिहिलेलं होतं. म्हणजे आजच्या हॅटरस बेटाकडचा भाग. संकटात निघालो तर क्रूसही कोरू, असं ठरलं होतं. क्रूस नव्हता. यात भुताटकी कसली?

खरा प्रश्न पोटाचा आहे आणि तो ही माणसं येण्याच्या दोन वर्षं आधी सुरू होतो. उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यापुढे वाळूच्या बेटांची माळ आहे. आत शिरायचं ते बेटांमधल्या खिंडींतून, आणि खिंडीच्या तोंडाशी वाळू साचलेली. वादळागणिक ती सरकते, त्यामुळे ठाऊक असलेली वाटही भरवशाची राहत नाही. 29 जून 1585 ला, आधीची इंग्रज तुकडी घेऊन आलेल्या ग्रेनव्हिलचं 140 टनी जहाज ‘टायगर’ इथल्याच वोकोकॉनच्या खिंडीत असंच रुतलं. लाटा त्याला वाळूवर आपटत राहिल्या, तळ खिळखिळा झाला, खारं पाणी भसाभस आत आलं. जहाज वाचलं. पण धान्य, पीठ, तांदूळ, बिस्किटं, मीठ, बहुतेक सगळं नासलं. वसाहतीत मागे राहणाऱ्या राल्फ लेनच्या शंभरेक माणसांसाठी ठेवायचा शिधा होता तो. पेरणीचा हंगाम टळलेला; मग मका मागायचा तो तिथल्या मूळ रहिवासी सेकोटन लोकांकडेच, आणि त्यांनी साठवलेला दाणा त्यांनाच जेमतेम पुरणारा. त्यात चांदीच्या एका पेल्यासाठी इंग्रजांनी अक्वास्कोगोक गाव पिकासकट जाळलं. 1 जून 1586 ला तर सेकोटनांचा मुखिया विंगिना यालाच मारलं. 1587 मध्ये बायकामुलांसह आलेल्यांच्या वाट्याला आला तो हा शेजार.

‘जहाज रुतलं नसतं तर वसाहत टिकली असती,’ असं मी पूर्वी छातीठोक सांगायचे. आज तेवढं ठाम म्हणवत नाही. त्या भागातल्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वर्तुळं 1587 ते 1589 ही 800 वर्षांतली सर्वांत कोरडी तीन वर्षं दाखवतात. तेव्हा किती दोष वाळूचा, किती पावसाचा? पण जाळलेलं पीक पावसाच्या माथी मारू नका.

आणि क्रोएटोअनला सगळे गेले असतील? 1587 मध्ये व्हाइट इंग्लंडला निघाले तेव्हा बेट सोडून मुख्य भूमीवर 50 मैल आत जायचं बोलणं चाललं होतं. शिवाय जुलै 1587 मध्ये क्रोएटोअनच्या लोकांनी इंग्रजांना आधीच विनवलं होतं: आमच्या मक्याला हात लावू नका, आमच्याकडेच थोडा आहे.